पक्षाघातानंतरची झोप : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरात पक्षाघाताच्या रुग्णांच्या पुनर्वसनाविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत व्यायामापेक्षा झोपेबद्दलची विचारणाच अधिक आहे. त्यांतील चार पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : माझ्या यजमानांना (वय ६१) चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय आता बराच सुधारला आहे, पण दिवसभर ते पेंगत असतात. फिजिओथेरपीच्या ताई घरी येतात तेव्हा खुर्चीत बसल्याबसल्या त्यांचे डोळे मिटतात. रात्री मात्र दोन-अडीचनंतर टक्क जागे. घोरण्याची सवय जुनीच आहे. अलीकडे घोरता घोरता आवाज एकदम बंद होतो आणि थोड्या वेळाने दचकल्यासारखा मोठा श्वास घेतात. सासूबाईंचे म्हणणे, मेंदूला इजा झाली आहे, झोपेनेच ती भरून येईल, झोपू दे त्याला. ताई म्हणतात, दिवसा अजिबात झोपू देऊ नका. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : आपण दिवसाच्या पेंगेने त्रासला आहात हे समजते, तरीही पत्रातली सर्वांत महत्त्वाची नोंद घोरणे मध्येच बंद पडण्याची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास ओढून घेतो आणि माणूस पुन्हा झोपी जातो. हे रात्रभर चालते आणि सकाळी रुग्णाला त्यातले काहीच आठवत नाही. पक्षाघाताच्या रुग्णांची यंत्राद्वारे रात्रभर तपासणी करणारे अनेक अभ्यास झाले आहेत आणि त्यांचे एकत्रित आढावेही प्रसिद्ध आहेत. त्यांनुसार दहापैकी साधारण सात रुग्णांचा श्वास तासाला पाचपेक्षा अधिक वेळा थांबतो किंवा मंदावतो, आणि सुमारे तिघांच्या बाबतीत हा आकडा तीसच्याही पुढे जातो, म्हणजे त्यांचा त्रास तीव्र गटात मोडतो. झटक्यानंतरच्या पहिल्या दिवसांत मेंदूकडून येणारी श्वासाची लयच बिघडल्यामुळे काही जणांचा श्वास थांबतो. हा प्रकार पुढच्या आठवड्यांत बराच ओसरतो. घसा मिटल्यामुळे श्वास अडण्याचा प्रकार मात्र टिकून राहतो, आणि बऱ्याच रुग्णांत तो झटक्याच्या आधीपासूनच असतो. रक्तदाब, वजन आणि हृदयाच्या तक्रारींबरोबर तोही पक्षाघाताच्या कारणांत गणला जातो. चार महिन्यांनंतर आपण जे ऐकत आहात ते बहुधा हेच असावे.

यासाठी एका रात्री, ते गाढ झोपल्यावर, पांघरूण बाजूला सारून छाती आणि पोट नीट दिसेल असे दहा मिनिटांचे चित्रीकरण मोबाइलवर आवाजासह करावे. घोरणे थांबलेले असताना छाती-पोट जोर लावल्यासारखे हलत असेल, तर श्वास घेण्याचा प्रयत्न चालू आहे पण वाट बंद आहे, असा त्याचा अर्थ. छाती-पोटही स्थिर असेल तर प्रकार वेगळा. ते उताणे झोपलेले असताना हे वाढते आणि कुशीवर वळल्यावर कमी होते का, तेही पाहून ठेवावे. हे चित्रीकरण आणि निरीक्षण मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवून झोपेची तपासणी, म्हणजे ज्याला सगळे स्लीप स्टडी म्हणतात ती, करून घ्यावी. ती आता घरीही करता येते: बोटाला प्राणवायू मोजणारे चिमट्यासारखे यंत्र, नाकाशी नळी आणि छातीला पट्टा, एवढेच लावून झोपायचे असते.

आता सासूबाई आणि ताई यांच्यातील वादाकडे वळू. झोप मेंदूच्या सुधारणेला हातभार लावते, या म्हणण्याला आधार आहे. अमेरिकेत २००८ च्या सुमारास पक्षाघातातून सावरणाऱ्या रुग्णांना हाताचे एक नवे कौशल्य शिकवण्यात आले. शिकल्यानंतर ज्यांना झोप मिळाली त्यांची कामगिरी पुढच्या वेळी सुधारली, जे तेवढा वेळ जागे राहिले त्यांची तशी सुधारली नाही. सहभागी मोजकेच होते, त्यामुळे या निष्कर्षावर फार भार टाकू नये. परंतु त्यातून जास्त वेळ अंथरुणात पडून राहिल्याने जास्त सुधारणा होते असे काही निघत नाही. झोपेच्या प्रयोगशाळेत केलेल्या अभ्यासांचा एक आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षाघाताचे रुग्ण अंथरुणात घालवलेल्या वेळेपैकी ७५ टक्के वेळच झोपलेले असतात, तुलनेसाठी घेतलेले लोक ८४ टक्के, असे त्यात दिसते. एकदा झोप लागल्यानंतर रात्रीत जागे राहण्याचा वेळ रुग्णांमध्ये सरासरी ९७ मिनिटे होता, इतरांमध्ये ५४. गाढ झोपही थोडी कमीच होती. आपले यजमान रात्री दोननंतर जागे असतात आणि त्याआधीची झोपही श्वास अडल्याने तुकड्यातुकड्यांची होते. ती तूट दिवसा खुर्चीत भरून निघते आहे, आणि दिवसाच्या त्या डुलक्यांनी पुढची रात्र पुन्हा बिघडते आहे.

दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास वामकुक्षी चालेल, तीननंतर मात्र नको. सकाळी तास-दीड तास गॅलरीत किंवा अंगणात उजेडात बसवावे. ताईंना येण्याची वेळ बदलून पाहण्याची विनंती करावी. दिवसातल्या ज्या तासाला ते सर्वांत ताजेतवाने असतात तो व्यायामासाठी राखावा.

दोन शक्यता डॉक्टरांनी तपासायला हव्यात. पहाटे फार लवकर जाग येणे, जेवणात व गप्पांत रस न उरणे, हे पक्षाघातानंतरच्या नैराश्याचेही लक्षण असते आणि नैराश्यावर उपचार होतात. दुसरी शक्यता इजेच्या जागेशी निगडित आहे. थॅलॅमस किंवा मेंदूचा देठ या भागांत इजा झाली असेल, तर माणसाला जागे ठेवणारी यंत्रणाच दुबळी होते आणि श्वास व्यवस्थित असूनही तो दिवसाचे कितीतरी तास झोपून काढतो. एमआरआयच्या अहवालात इजा कोठे आहे ते लिहिलेले असते. तो कागद भेटीला सोबत न्यावा. याखेरीज नुसता थकवा असू शकतो, पण थकलेला माणूस आडवा होतो आणि बहुधा जागाच राहतो. बसल्या जागी डोळे मिटत असतील तर तो केवळ थकवा नव्हे.

प्रश्न : सासऱ्यांना पक्षाघातानंतर नुकतेच घरी आणले आहे. कोणी म्हणते उशी काढून डोके सपाट ठेवा म्हणजे मेंदूला रक्त नीट पोहोचते, कोणी म्हणते दोन उशा द्या. नक्की कसे झोपवावे?
– एक वाचक, सिडको

उत्तर : हा वाद रुग्णालयांतही होता आणि तो सोडवण्यासाठी अकरा हजारांहून अधिक रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला: पहिले चोवीस तास सपाट झोपवले काय किंवा डोके किमान तीस अंश उंच ठेवले काय, नव्वद दिवसांनंतरच्या अपंगत्वात फरक पडला नाही. घरी आल्यावर तर हा प्रश्न सोयीचाच उरतो. गिळताना ठसका लागत असेल किंवा नाकातून नळी असेल तर खाताना आणि खाल्ल्यानंतर काही वेळ डोके व छाती उंच ठेवावी. झोपताना शक्यतो कुशीवर. अधू बाजू खाली येत असेल तर तो खांदा अंगाखाली चेपू न देता अलगद पुढे घ्यावा, आणि अधू बाजू वर असेल तर तो हात उशीवर टेकवावा. कूस बदलताना दंडाला धरून ओढू नये. खांदा निखळल्यासारखा होऊन महिनोनमहिने दुखत राहतो आणि मग झोप त्या दुखण्यामुळे जाते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे, आयुष्यभर गणित शिकवले. भावाला पक्षाघात झाल्यापासून या विषयावर मिळेल ते वाचतो आहे. एका लेखात पक्षाघाताच्या निम्म्याहून अधिक रुग्णांना निद्रानाश असतो असे होते, दुसऱ्यात १८ टक्के, तिसऱ्यात ३८. तिन्ही ठिकाणी संशोधनाचा हवाला. एवढी तफावत असेल तर या संशोधनावर विश्वास किती ठेवावा? शिवाय नऊ तासांहून अधिक झोपणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका जवळपास तिप्पट असतो असेही वाचले. मी साडेनऊ तास झोपतो. गजर लावू काय?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : आपल्या तीन आकड्यांपैकी दोन एकाच अभ्यासातले असावेत. फिनलंडमध्ये २००२ साली २७७ रुग्णांना झटक्यानंतर तीन-चार महिन्यांनी तपासले गेले. झोपेची काही तक्रार आहे का, असे विचारल्यावर निम्म्याहून अधिक जणांनी होकार दिला. निद्रानाशाच्या वैद्यकीय व्याख्येत बसणारे एकूण रुग्णांच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक निघाले. ज्यांचा निद्रानाश पक्षाघातामुळेच उद्भवला असे म्हणता येईल असे उरले सुमारे १८ टक्के. माणसे तीच, उत्तरे तीन. प्रश्न बदलला की उत्तर बदलले. तिसरा आकडा, ३८, हा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि बऱ्याच अभ्यासांची बेरीज करणाऱ्या आढाव्याचा असावा. त्यातही निदानाची काटेकोर पद्धत वापरणाऱ्या अभ्यासांतले प्रमाण कमी आणि सैल प्रश्नावल्या वापरणाऱ्यांतले जास्त आहे. म्हणून असा आकडा समोर आला की विचारले कोणाला, केव्हा आणि कशाने मोजले, हे आधी पाहावे. बातमीत ते बहुधा नसते.

कशाने मोजले, याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरी अडचण तेथे आहे. दिवसाची पेंग मोजण्यासाठी जगभर एक आठ प्रश्नांची एपवर्थ प्रश्नावली वापरतात. ती १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात तयार झाली. गाडीत तासभर प्रवासी म्हणून बसला असताना डुलकी लागेल काय, गाडी रहदारीत थांबलेली असताना लागेल काय, असे तिचे प्रश्न. शून्य ते २४ गुण, दहाच्या वर गेले की पेंग अधिक. घरातून बाहेर न पडलेल्या, आधाराशिवाय न बसणाऱ्या रुग्णाने यांची उत्तरे कशी द्यावीत? तो अंदाजाने देतो, किंवा त्याची मुलगी देते. दुसरी, पिट्सबर्गची १९८९ ची प्रश्नावली गेल्या महिन्याभरातील झोपेबद्दल विचारते. झटक्यानंतर दहाव्या दिवशी रुग्णालयात ती भरून घेतली, तर उत्तरात वीस दिवस आजारापूर्वीचे आणि दहा दिवस वॉर्डातले मिसळतात. आणि वॉर्डात रात्री दिवे चालू असतात, शेजारच्या खाटेचे यंत्र वाजत असते, मध्यरात्री रक्तदाब घ्यायला परिचारिका येते. त्या दहा दिवसांतली झोप पक्षाघाताने गेली की वॉर्डाने, हे त्या गुणांवरून कळत नाही.

मग यंत्राने मोजावे, असे आपण म्हणाल. मनगटावर घड्याळासारखे यंत्र बांधून हालचालीवरून झोप ओळखण्याची पद्धत स्वस्त आहे आणि सोयीचीही. पण ते यंत्र हालचाल नाही म्हणजे झोप आहे, असे धरून चालते. लुळ्या हातावर बांधले तर जागाही माणूस झोपलेला ठरतो. म्हणून ते चांगल्या हातावर बांधतात. तरीही पक्षाघाताचा रुग्ण जागेपणी एकूणच कमी हलतो, त्यामुळे झोप जास्त मोजली जाण्याची शक्यता राहते. डोक्याला तारा लावून केलेली प्रयोगशाळेतील तपासणी सर्वांत विश्वसनीय, परंतु ती महाग असल्यामुळे थोड्याच रुग्णांवर आणि बहुधा एकच रात्र होते. परक्या खोलीत, अंगभर तारा लावून पहिल्या रात्री धडधाकट माणसालाही नीट झोप लागत नाही.

विचारले कोणाला, हा प्रश्न याहून नाजूक आहे. बहुतेक अभ्यासांतून बोलता न येणारे, स्मृती गेलेले आणि फार गंभीर झटका आलेले रुग्ण वगळले जातात, कारण ते संमतिपत्रावर सही करू शकत नाहीत आणि प्रश्नावलीही भरू शकत नाहीत. डावा मेंदू दुखावलेल्यांची वाचा अधिक वेळा जाते, तेव्हा वगळण्यात एक बाजू आपोआप अधिक कापली जाते. ज्यांची झोप कदाचित सर्वांत वाईट असेल तेच मोजणीबाहेर. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी व्यक्तींचे वय जुळवलेले असते. रक्तदाब, वजन, मधुमेह जुळवलेला असतोच असे नाही, आणि या तिन्हींचा झोपेशी स्वतंत्र संबंध आहे. शिवाय झटक्यापूर्वी हा माणूस कसा झोपत होता याची नोंद जवळपास कोणाकडेच नसते. या एका उणिवेमुळे पक्षाघाताने झोप बिघडली, हे वाक्य बऱ्याच अभ्यासांत सिद्ध न होता गृहीत धरले जाते, असे माझे मत आहे.

आता आपल्या गजराबद्दल. आपण वाचलेला आकडा बहुधा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह अनेक देशांतील सुमारे साडेचार हजार व्यक्तींच्या अभ्यासातला आहे. त्यात पाच तासांहून कमी झोपणाऱ्यांत धोका सुमारे तिप्पट आणि नऊ तासांहून अधिक झोपणाऱ्यांत पावणेतीन पट दिसला. हा अभ्यास उलट्या दिशेने केलेला आहे: ज्यांना झटका आला आहे त्यांना गाठून त्याआधीच्या महिन्यातली झोप विचारायची, ज्यांना आला नाही त्यांनाही विचारायची आणि तुलना करायची. आजारी पडलेला माणूस आणि त्याचे नातेवाईक मागचे अधिक बारकाईने आठवतात, कधी अधिकही आठवतात. जास्त झोप ही अनेकदा आधीच सुरू झालेल्या आजाराची खूणही असते: हृदय दुबळे असणे, श्वास अडून रात्रीची झोप वाया जाणे, मन खिन्न असणे. तेव्हा गजर लावून झोप कापल्याने धोका कमी होईल असा निष्कर्ष त्या अभ्यासातून निघत नाही. साडेनऊ तासांनंतरही आपण ताजेतवाने नसाल, तर रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी आणि आपण घोरता काय, हे घरच्यांना विचारावे. ताजेतवाने असाल तर निर्धास्त झोपावे.

संशोधनाच्या दर्जाचा आणखी एक नमुना सांगण्याजोगा आहे. श्वास अडणाऱ्यांनी रात्री सीपॅप यंत्राचा, म्हणजे दाबाने हवा सोडून श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा, मुखवटा लावला तर पुढचे झटके टळतात काय, हे पाहण्यासाठी हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या २,७१७ जणांवर एक चाचणी झाली. तिचा निकाल २०१६ मध्ये आला. घोरणे कमी झाले, दिवसाची पेंग कमी झाली, मन:स्थिती सुधारली. झटके मात्र कमी झाले नाहीत. येथवर वाचून सीपॅप निरुपयोगी असे मथळे देणे सोपे आहे. परंतु सहभागी रुग्णांनी मुखवटा रात्री सरासरी ३.३ तासच लावला होता, आणि ज्यांना दिवसा फार पेंग येते किंवा ज्यांचा प्राणवायू फारच उतरतो अशांना चाचणीत घेतलेच नव्हते. म्हणजे उपचार अर्धवट झाला आणि ज्यांना सर्वाधिक गरज होती ते बाहेर राहिले. एवढ्या काळजीने केलेल्या, मोठ्या चाचणीचीही ही मर्यादा आहे.

आपण विश्वास किती ठेवावा असे विचारले आहे. पक्षाघाताच्या बहुसंख्य रुग्णांचा श्वास झोपेत अडतो, हे यंत्राने मोजलेले आणि देशोदेशी पुन्हा पुन्हा आढळलेले आहे. त्यावर मी पूर्ण विश्वास ठेवतो. त्यांची झोप तुटक असते, हेही पक्के. निद्रानाशाची टक्केवारी मात्र कोणतीही असो, ती सैल धरावी. झोप सुधारल्याने हात-पाय अधिक लवकर सुधारतात, हे संभवनीय आहे, मला स्वतःला ते पटते. पण ते सिद्ध झाले आहे असे आज लिहिणार नाही.

प्रश्न : मी अंबडच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. वडिलांना (वय ६८) गेल्या वर्षी पक्षाघात झाला. रात्री ते तीन-चारदा लघवीला उठतात, मग त्यांना झोप लागत नाही आणि आईलाही उठावे लागते. माझी रात्रपाळी असते तेव्हा ती एकटीच असते. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून एका जुन्या चिठ्ठीवर मेडिकलमधून अल्प्राझोलाम आणून देतो आहोत. गोळीने झोपतात, पण सकाळी दहापर्यंत गुंगीत असतात आणि मागच्या आठवड्यात न्हाणीघरात तोल गेला. गोळी चालू ठेवावी काय?
– एक वाचक, अंबड

उत्तर : चालू ठेवू नये, पण उद्यापासून एकदम बंदही करू नये. महिन्याहून अधिक काळ रोज घेतलेली ही गोळी अचानक थांबवली तर अस्वस्थता, झोप पूर्णच उडणे आणि क्वचित आकडीही येऊ शकते. पक्षाघाताच्या रुग्णाला आकडीचा धोका आधीच असतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवावी लागेल. अल्प्राझोलाम हे कायद्याने एच-१ परिशिष्टातील औषध आहे. त्याची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि नोंदवहीत नोंद करूनच व्हायला हवी. जुन्या चिठ्ठीवर ते मिळते, ही सोय आपल्या वडिलांच्या हिताची नाही.

या गटातील गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात, त्यामुळे श्वास अडणाऱ्या रुग्णाचा त्रास वाढतो. तोल जातो, हे आपण पाहिलेच. मेंदूच्या सुधारणेलाही त्या मारक ठरतात अशी शंका बरीच जुनी आहे. ती मुख्यत्वे प्राण्यांवरील प्रयोगांवर आणि रुग्णांच्या जुन्या नोंदींवर आधारलेली असल्याने पुरावा पक्का म्हणता येणार नाही, परंतु शंका असताना धोका का पत्करावा? गोळीऐवजी विचारांची व सवयींची शिस्त लावणारी निद्रानाशाची वर्तनचिकित्सा सर्वसाधारण लोकांत गोळीपेक्षा टिकाऊ ठरली आहे, आणि ब्रिटनमध्ये पक्षाघातातून बाहेर आलेल्यांवर तिच्या संगणकीय आवृत्तीची एक छोटी चाचणी झाली, तीतही झोप सुधारली. ती मराठीत सहज उपलब्ध नसली, तरी तिचा गाभा घरी आणता येतो: झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे, उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे, आणि अर्धा तास तळमळत पडण्यापेक्षा उठून खुर्चीत बसणे. वडिलांना उठताना आधार लागत असेल तर शेवटचा नियम सोडून द्यावा.

मात्र आपल्या पत्रावरून मूळ कारण लघवीचे दिसते, आणि त्यावर झोपेची कोणतीही गोळी हा उपाय नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी एखादी लघवी वाढवणारी आहे काय आणि ती संध्याकाळी दिली जाते काय, हे डॉक्टरांना विचारावे; ती सकाळी घेता आली तर पुष्कळ फरक पडतो, पण वेळ स्वतःहून बदलू नये. या वयात प्रोस्टेट आणि रक्तातील साखर तपासायलाच हवी. पक्षाघातानंतर मूत्राशयावरचा ताबा कमी होतो, आणि झोपेत श्वास अडल्यानेही रात्री लघवी वाढते, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणून ते घोरतात काय, ही विचारपूस येथेही करावी. संध्याकाळी सातनंतर चहा बंद ठेवावा आणि पाणी जेवणापुरतेच द्यावे. खाटेच्या चांगल्या हाताच्या बाजूला युरिनलचे भांडे आणि मंद दिवा ठेवला, तर वडिलांना रात्री न्हाणीघरापर्यंत जावे लागणार नाही आणि आईंना प्रत्येक वेळी उठावे लागणार नाही. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारचे दोन-तीन तास आपण वडिलांजवळ बसून आईंना दुसऱ्या खोलीत झोपू द्यावे.